परीट का पळाला?



दशलक्षण पर्वात आमच्या कबनूरच्या पाठशाळेची मुलं बस्तीत काहीतरी बसवतात. यंदा उत्तम सत्याच्या दिवशी ‘अकलंक-निकलंक’ करायचं ठरलं आणि बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अकलंक व्हायला पाच-सहा जण तयार. निकलंक व्हायला त्याहून जास्त, कारण त्याला तलवारीनं मरायला मिळतं. घोडेस्वार व्हायला तर रांगच लागली. अडलं ते परटावर. परटाला एक वाक्य बोलायचं नाही. तळ्यावर कपडे धुवायचे, पळायचं आणि मरायचं. शेवटी सहावीतल्या एका शांत मुलाला मी हाताला धरून उभं केलं. दोन दिवस तो बिचारा सांगितलं तसं पळाला. तिसऱ्या दिवशी मध्येच थांबून म्हणाला, ‘काकू, मी का पळायलोय?’

‘निकलंक पळतोय ते बघून तू घाबरतोस, म्हणून.’

‘पण मी केलंय काय?’

मी त्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी येऊन भांडी आवरताना मात्र प्रश्न डोक्यातून जाईना. ही कथा मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली असेल. परटापाशी मी कधी थांबले नव्हते.

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रभाचंद्रांच्या कथाकोशात ती आहे, म्हणजे अकराव्या शतकातली. पुढं सोळाव्या शतकात ब्रह्मचारी नेमिदत्तांनी आराधना कथाकोशात ती पुन्हा सांगितली, आणि आपल्या घरांतून जी ऐकायला मिळते ती बहुतेक तीच. मान्यखेटाच्या शुभतुंग राजाचा मंत्री पुरुषोत्तम, त्याची बायको पद्मावती, त्यांचे दोन मुलगे अकलंक आणि निकलंक. अष्टाह्निकेत आईवडिलांनी रविगुप्त मुनींकडून आठ दिवसांचं ब्रह्मचर्य घेतलं आणि गंमत म्हणून मुलांनाही दिलं. मुलं मोठी झाली, लग्नाची बोलणी सुरू झाली, तर मुलं म्हणाली, आम्हाला तर व्रत दिलंय. बाप म्हणाला, अरे ती चेष्टा होती, आणि तेही आठच दिवसांचं. मुलं म्हणाली, व्रतात चेष्टा कसली, आणि आठ दिवस असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

इथं जरा थांबा. बापाच्या तोंडून थट्टेनं निघालेला शब्द जन्मभर पाळणारी ही मुलं. शब्दाची एवढी किंमत करणारी. आणि पुढच्याच प्रसंगात काय करतात? बौद्धांचं न्यायशास्त्र शिकायचं, पण परक्याला ते शिकवत नाहीत, म्हणून बौद्ध विद्यार्थ्याचं सोंग घेऊन मठात शिरतात. आम्ही कोण, हे लपवतात. व्रती माणसाच्या मनात माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्यं असू नयेत असं तत्त्वार्थसूत्र सांगतं. त्यातली माया म्हणजे हेच की, कपट.

मठातलं सगळं मुलांना फार आवडतं. अकलंक एकसंस्थी, एकदा ऐकलं की पाठ. निकलंक द्विसंस्थी, त्याला दोनदा ऐकावं लागतं. एक दिवस गुरूला सप्तभंगीवरच्या मजकुरातला एक अशुद्ध पाठ लागेना. तो बाहेर गेला तेवढ्यात अकलंकानं तो गुपचूप सुधारून ठेवला. झालं, संशय आला. जैन कोण आहे ते शोधायला जिनमूर्ती वाटेत ठेवून सगळ्या विद्यार्थ्यांना ती ओलांडायला लावली. अकलंकानं मूर्तीवर एक सुताचा धागा टाकला आणि पाय टाकून पलीकडं गेला. अंगावर धागा म्हणजे परिग्रह आला, परिग्रह आला म्हणजे ती दिगंबर वीतराग मूर्ती राहिली नाही, मग ओलांडली तर दोष कसला! आमच्या इचलकरंजी-कबनूरच्या मुलांना हे लगेच पटतं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला तेव्हापासून इथली घरं सुतावरच चालली आहेत. एका धाग्यानं केवढा फरक पडतो हे त्यांना शिकवावं लागत नाही. मला मात्र लहानपणीही तो युक्तिवाद जरा वकिली वाटायचा.

मग रात्री काशाची भांडी वरून आपटतात. दचकून जागं झालेल्या माणसाच्या तोंडी खरं नाव येतं. दोघा भावांच्या तोंडी णमोकार आला आणि सोंग संपलं. त्यांना माडीवर कोंडलं, तिथून छत्रीच्या आधारानं उडी मारून ते पळाले. मागं घोडेस्वार. निकलंक म्हणाला, दादा, तुझी बुद्धी धर्माच्या जास्त उपयोगाची, तू या तळ्यात कमळांच्या पानांआड लप. तो स्वतः पळत राहिला. वाटेत कपडे धुणारा परीट. मागची धूळ बघून तोही निकलंकाबरोबर पळत सुटला. स्वारांना दोन पळणारे हवे होते. दोन मिळाले. दोघांना मारून ते परत फिरले.

म्हणजे बघा, तळ्यात दुसरा कुणी लपला असेल का, हे शोधायची गरजच त्यांना पडली नाही, कारण आकडा भरला होता. निकलंकानं स्वतःचा जीव स्वतः दिला. परटाचा कुणी विचारला नाही. अकलंक वाचला तो धाकट्या भावामुळं असं आपण म्हणतो, पण हिशेब परटामुळं पुरा झाला. कथाकारानं त्याला नाव दिलेलं नाही.

आता हे सगळं घडलं का? याचं उत्तर देताना श्रद्धेला धक्का लागेल म्हणून आपण चाचरतो. मी चाचरत नाही, कारण अकलंकदेवांचं मोठेपण या कथेवर उभं नाही. बहुतेक अभ्यासक त्यांना आठव्या शतकात ठेवतात. शुभतुंग म्हणजे राष्ट्रकूट पहिला कृष्ण, ज्याच्या नावावर वेरुळचं कैलास लेणं सांगतात, तोच. पण मान्यखेट, आजच्या कलबुर्गीजवळचं मळखेड, राजधानी झालं ते अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात. म्हणजे कथेतला राजा एका काळातला आणि राजधानी दुसऱ्या काळातली. तत्त्वार्थ-राजवार्तिकातल्या एका श्लोकात अकलंकांना लघुहव्व राजाचा मुलगा म्हटलंय, पुरुषोत्तम मंत्र्याचा नव्हे. कन्नड राजावलीकथेत बाप कांचीचा जिनदास ब्राह्मण आहे. श्रवणबेळगोळला चंद्रगिरीवर मल्लिषेण मुनींची प्रशस्ती आहे, शके १०५० ची, म्हणजे इ.स. ११२९. तिच्यात अकलंकांवरचे श्लोक आहेत. साहसतुंग राजा आहे, हिमशीतलाची सभा आहे, घटात लपलेली तारा आहे. धाकटा भाऊ, तळं, परीट हे काही नाही.

आणखी एक गोष्ट. श्वेतांबरांकडं अशीच कथा हरिभद्रसूरींच्या शिष्यांची आहे, हंस आणि परमहंस. प्रभावकचरितात, तेराव्या शतकात, ती लिहिली गेली. तेच सोंग, तीच वाटेत ठेवलेली मूर्ती. फक्त तिथं धाग्याऐवजी खडूनं रेघ ओढतात. फरक पुढं आहे. हरिभद्रांनी त्यांना आधीच सांगितलं होतं, जाऊ नका, मला अनिष्ट दिसतंय. ते गेले आणि मेले. मग हरिभद्र स्वतः संतापानं बौद्धांच्या जिवावर उठले आणि गुरूंनी त्यांना आवरलं. त्यांच्या १४४४ ग्रंथांची दंतकथा त्या पश्चात्तापाशी जोडलेली आहे. मला ही कथा जास्त प्रामाणिक वाटते. तिच्यात सोंगाचा शेवट कुणाच्याच विजयात होत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की खरी. अकलंकांनी धर्मकीर्ती कोळून प्यालेला होता. त्यांच्या ‘न्यायविनिश्चय’ या ग्रंथाचं नावसुद्धा धर्मकीर्तीच्या ‘प्रमाणविनिश्चया’शेजारी ठेवून बघा. प्रतिपक्ष इतका आतून माहीत असलेला माणूस शिकला कुठं, या प्रश्नाचं उत्तर म्हणून सोंगाची कथा जन्मली असावी, असं मला वाटतं. आणि इतिहासाची गंमत अशी, की पुढं बौद्धांचे ते ग्रंथ भारतातून नाहीसे झाले तेव्हा त्यातले काही सापडले जैनांच्या भांडारांत. धर्मकीर्तीच्या न्यायबिंदूवरची धर्मोत्तराची टीका एकोणिसाव्या शतकात पीटरसन साहेबांना खंभातच्या शांतिनाथ भांडारात ताडपत्रावर मिळाली. शांतरक्षिताचा तत्त्वसंग्रह १९२६ साली बडोद्याला छापला तोही जैन भांडारांतल्या पोथ्यांवरून. शत्रूचं पुस्तक शेकडो वर्षं रेशमी रुमालात बांधून कसरीपासून जपणारी माणसं होती ती.

म्हणून नाटकात मी ‘बौद्ध सैनिक’ हा शब्द काढून ‘राजाचे स्वार’ केला. १९५६ नंतर आपल्या गावागावांत बौद्ध घरं आहेत, त्यांची मुलं आमच्या मुलांच्या बाकावर बसतात. बौद्ध मठानं जैन मुलाला मारलं याला त्या काळचा एकही पुरावा नाही. कथा लिहिली ती अडीचशे-तीनशे वर्षांनी, आणि वाद जिंकलेल्या बाजूनं.

आता सत्याचं बघू, कारण दिवस उत्तम सत्याचा आहे.

आपल्याकडं ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. महाभारतात कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतात. खरंच बोलायचं व्रत असलेल्या या ब्राह्मणानं, माणसं कुठं लपलीत ते दरोडेखोरांना खरं खरं सांगितलं आणि तो नरकात गेला. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात हाच कौशिक दाखला म्हणून घेतलाय. दुसऱ्याला पीडा होईल असं खरंही बोलू नये. आचारांगात वाटेवरच्या साधूला कुणी विचारलं, इकडून माणूस गेला का, जनावर गेलं का, तर त्यानं गप्प राहावं असं आहे. पुढच्या शब्दांचा अर्थ ‘माहीत असून माहीत नाही म्हणावं’ की ‘माहीत आहे असं म्हणू नये’ यावर मोठा खल झालाय. एका नकाराच्या जागेचा प्रश्न!

आपल्या रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्रस्वामींनी गृहस्थाचं सत्यव्रत सांगताना स्थूल खोटं बोलू नये, बोलवू नये आणि विपत्ती आणणारं खरंही बोलू नये असं म्हटलंय. विपत्ती कुणाची, हे श्लोकात नाही. दुसऱ्याची, असा अर्थ घ्यायची रीत आहे. आणि खुद्द अकलंकदेव राजवार्तिकात सातव्या अध्यायावर लिहिताना विचारतात, की सूत्रात ‘असत्’ कशाला, ‘मिथ्या’ हा शब्द घालून सूत्र आटोपशीर करता आलं असतं की. उत्तर असं, की मग फक्त उलटं बोलणं तेवढं खोटं ठरलं असतं. ‘असत्’ म्हणजे जे बरं नाही ते सगळं. जीवाला दुखवणारं खरंही त्यात आलं.

कथेतला अकलंक सोंग घेतो. ग्रंथातला अकलंक खोटेपणाचं माप शब्दावरून काढून दुखापतीवर नेऊन ठेवतो. समंतभद्रस्वामींचंही असंच. त्यांना भस्मक रोग झाला, खाल्लेलं क्षणात भस्म व्हायचं. मुनिधर्म सोडून, शिवभक्ताचं सोंग घेऊन ते शिवमंदिरात राहिले आणि देवाचा नैवेद्य स्वतः खाल्ला, असं कथाकोशच सांगतो. बरे झाल्यावर त्यांनी पुन्हा दीक्षा घेतली. आणि राखी पौर्णिमेला आपण ज्यांची कथा वाचतो ते विष्णुकुमार मुनी? बळीनं हस्तिनापुरात अकंपनाचार्य आणि सातशे मुनींना यज्ञाच्या धुरात कोंडलं, तेव्हा त्यांनी बुटका ब्राह्मण होऊन तीन पावलं जमीन मागितली. धुरानं घसे धरलेल्या मुनींना मऊ आहार दिला म्हणून आपल्या घरात त्या दिवशी शेवयांची खीर. खिरीच्या नादात आपण शेवट विसरतो. सातशे मुनी वाचवूनसुद्धा विष्णुकुमार गुरूंकडं गेले, प्रायश्चित्त घेतलं आणि नव्यानं दीक्षा घेतली. काम चांगलं झालं म्हणून सोंग फुकटात सुटलं नाही.

निकलंकाच्या कथेत मात्र प्रायश्चित्ताचा भाग मला कुठं आढळला नाही. अकलंक तळ्यातून बाहेर येतो, पुढं हिमशीतलाच्या सभेत जातो, पडद्यामागं घटात बसवलेली तारा सहा महिने वाद करते, तो तिचं बिंग फोडून घटाला लाथ मारतो. पडद्याआडचं ते कपट आपण टाळ्या वाजवून उघडं पाडतो. धाग्याचं कपट ज्या उत्साहात सांगतो त्याच उत्साहात.

इथं मला आमच्या आक्कांचं सांगायला हवं. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, आता नाहीत. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची गोष्ट. आमच्या गल्लीत कांड्या भरायला जाणारी एक बाई राहायची. नवरा प्यायचा. एकदा दिवेलागणीला, आमची अनस्तमी होऊन चूल निवली होती, ती अनवाणी आत घुसली. आक्कांनी एक शब्द न विचारता तिला आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागं बसवलं आणि स्वतः उंबऱ्यात जाऊन गहू निवडत बसल्या. तो आला, हातात मागाचं लाकूड. ‘हिकडं आलीया काय?’ आक्का म्हणाल्या, ‘न्हाई बाबा, हिकडं कोण बी न्हाई आलं.’ तो म्हणाला, ‘तुमी जैनाची मानसं, खोटं बोलनार न्हाई,’ आणि पुढं गेला.

पुढं म्हणजे शेजारच्या दारात. तिथं एक म्हातारे आजोबा एकटेच होते. त्यांनी काही तरी उलट उत्तर दिलं असावं, किंवा दिलंही नसेल. त्यानं त्यांना ढकललं आणि त्यांचं मनगट मोडलं.

ती बाई वाचली. दुसऱ्या दिवशी माहेरच्या माणसांनी येऊन तिला नेलं. गल्लीत सगळ्यांनी आक्कांचं कौतुक केलं. आक्का मात्र दुसऱ्या दिवसापासून एकासन करायला लागल्या. मला वाटलं, खोटं बोलल्याचं प्रायश्चित्त. मी नवी नवी, शास्त्र वाचलेली. मी म्हणाले, ‘आक्का, जीव वाचवायला बोललेलं खोटं पाप नसतंय. रत्नकरंडात लिहिलंय.’

त्या म्हणाल्या, ‘खोट्याचं मला काय वाटत न्हाई गं. परत आली तर परत बोलीन. पण तो माझ्या दारातनं पुढं गेला ना. मी दार अडवून धरलं असतं, आरडाओरडा केला असता, तर चार मानसं गोळा झाली असती. मी न्हाई म्हटलं नि सुटले. आजोबा सापडले.’

आजोबांचा हात प्लास्टरमध्ये होता तोवर, दीड महिना, दोन वेळचा डबा आमच्या घरून गेला. सकाळी भाकरी-भाजी, संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत आमटी-भात. आक्का स्वतः नेऊन द्यायच्या आणि ताटलीत कालवून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवायच्या. आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते म्हणायचे, ‘तुमचे उपकार कसे फेडू?’ आक्का खाली बघायच्या.

मी तेव्हा त्यांच्यावर मनातून थोडी चिडले होते, खरं सांगते. एवढं चांगलं काम करून स्वतःला कशाला टोचून घ्यायचं? आता, इतक्या वर्षांनी, सहावीतल्या पोराच्या तोंडून ‘मी केलंय काय?’ ऐकल्यावर मला तो डबा आठवला.

पंडितजींना मी विचारलं, नाटकात शेवटी अकलंक परटापाशी येऊन गुडघे टेकतो असं दाखवू का. ते म्हणाले, ‘वहिनी, कथेत नाही ते घालू नका. उद्या मुलं तेच शास्त्र समजतील.’ बरोबर आहे त्यांचं. मी घातलं नाही. कथेत आहे तेवढंच ठेवलं, फक्त क्रम जरा बदलला. आधी परीट पळापळीच्या वेळी एकदम यायचा. आता पडदा उघडतो तेव्हा तळ्यावर तो एकटाच असतो. मठाचा प्रवेश डावीकडं चाललेला असतो, आणि उजवीकडं हा पोरगा खरी बादली, खरा साबण घेऊन चादर आपटत असतो, पिळतो, दोरीवर टाकतो, पुन्हा दुसरी घेतो. चादर आमच्याच घरच्या मागावरची आहे. तालमीत त्यानं विचारलं, ‘काकू, किती वेळ धुवू?’ मी म्हटलं, ‘घोडे येईपर्यंत.’